‘इथं असंच चालतं’ या वाक्याशी दोन हात

व्यवस्थापनावरची पुस्तकं उघडली की माणसं लिफ्टने वर जातात, काचेच्या खोलीत बसतात आणि पुढच्या तिमाहीची चिंता करतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात, जुन्या नागपूर–मुंबई रस्त्यावर वसलेल्या डोणगावात लिफ्टचा प्रश्न सहसा येत नाही. व्यवस्थापक मात्र एवढ्या गावातही भरपूर सापडतात. बँकेचा शाखाधिकारी, पतसंस्थेचा मॅनेजर, मुख्याध्यापक, आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारी, ठाणेदार, ग्रामसेवक, शेतकरी उत्पादक कंपनीचं काम बघणारा तिशीतला तरुण, कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसून दोन-तीन पोरांकडून काम करून घेणारा मालक. यांतल्या बऱ्याच जणांना कुणी व्यवस्थापक म्हटलं तर हसू येईल. पण दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं आणि त्याची जबाबदारी आपल्या सहीवर घ्यायची, हाच त्यांचा रोजचा धंदा आहे. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे.

अशा कुठल्याही कचेरीत आठवडाभर नुसतं बसून राहिलं तरी काही वाक्यं कानावर पडतातच. ‘इथं असंच चालतं.’ ‘हे लोक ऐकतच नाहीत.’ ‘वरून आलंय, आपण काय करणार?’ ‘साहेबांना सांगून काय उपयोग?’ ‘मी नसलो तर एक काम होत नाही.’ ‘पाहू ना, मार्च तर होऊ द्या.’ ही वाक्यं कुणी विचार करून बोलत नाही. ती तोंडात बसलेली असतात. शिपाई ती बोलतो, साहेबही बोलतात. नवा माणूस बदलून आला की तीन महिन्यांत त्याच्याही तोंडी तीच येतात. विचारांच्या सवयी म्हणजे हीच वाक्यं, आणि त्या बदलायच्या तर सुरुवात साहेबांच्या तोंडच्या वाक्यापासून करावी लागते, हा या पुस्तकाचा गाभा आहे.

एक वाक्य जवळून पाहू. जूनमधली कुठलीही ग्रामीण शाखा डोळ्यासमोर आणावी. पेरणी तोंडावर आलेली, पीककर्जासाठी रांग लागलेली, पंखा आहे पण वीज नाही. टेबलासमोर सातबारा, आठ-अ आणि आधारकार्डाच्या झेरॉक्स घेऊन एक शेतकरी उभा आहे. शाखाधिकारी कागद हातात घेतात आणि मनात म्हणतात, ‘हाही फेडणार नाही.’ त्या क्षणी त्यांचा आवाज कोरडा होतो. एक कागद कमी निघतो, तसा तो नेहमीच निघतो, आणि माणसाला सोमवारी यायला सांगितलं जातं. दोन-तीन सोमवार असेच जातात. पेरणी थांबत नसते, म्हणून तो दुकानदाराकडून उधारीवर बी-खत उचलतो. बँकेचं कर्ज मिळतं तेव्हा त्यातलं निम्मं त्या उधारीत जातं. सोयाबीन हाती आलं की आधी दुकानदार उभा राहतो आणि बँकेचा नंबर मागे पडतो. वर्षअखेरीला शाखाधिकारी थकबाकीची यादी बघतात आणि मान हलवतात: बघा, म्हटलं होतं ना!

यात साहेब खोटं काहीच बोललेले नाहीत. थकबाकी खरी आहे. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची राज्याची, मग २०१९ ची, हे सगळं खरं आहे, आणि माफीची वाट पाहत हप्ता थांबवणारे लोकही आहेत. प्रश्न एवढाच, की ‘हा फेडणार नाही’ हे वाक्य कुठल्या रजिस्टरवरून आलं? समोरच्या माणसाचा मागचा उतारा बघून आलं, की आधीच्या दहा चिडक्या दुपारींतून आलं? निरुपयोगी विचार चुकीचाच असतो असं नाही. तो तपासलेला नसतो आणि स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करत जातो, तिथे त्याची खरी खोड आहे.

मनाशी असा हिशेब मांडणं महाराष्ट्राला नवं नाही. समर्थांनी दोनशेहून अधिक श्लोक थेट मनाला उद्देशून लिहिले. पण या पुस्तकाच्या दृष्टीने जवळचे पूर्वज अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा (१८७६–१९५६). त्यांच्या कीर्तनात उपदेशापेक्षा प्रश्न जास्त असत. बाबा विचारीत, समोरचा समुदाय उत्तर देई, आणि पाचव्या-सहाव्या उत्तरापाशी लोकांना आपलंच म्हणणं कसं वाटे ते त्यांच्या तोंडावर दिसे. कर्ज काढून सण करावा का, बोकड कापून देव पावतो का, हे त्यांनी सांगितलं नाही, वदवून घेतलं. आजचे मानसतज्ज्ञ हेच तंत्र सॉक्रेटिसाच्या नावाने शिकवतात. वऱ्हाडात त्यासाठी ग्रीसपर्यंत जायची गरज नव्हती.

शास्त्र म्हणून या विद्येला आकार आला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. अल्बर्ट एलिस हा न्यूयॉर्कमधला मनोविश्लेषक रुग्णांना कोचावर झोपवून वर्षानुवर्षं त्यांचं बालपण उकरण्याला कंटाळला आणि १९५५ च्या सुमारास त्याने वेगळी वाट धरली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घटना माणसाला छळत नाही, त्या घटनेविषयी तो स्वतःशी जे बोलतो ते छळतं. बोलणं बदलता येतं, म्हणून छळही कमी करता येतो. याच दशकात नव्हे, पण थोड्याच वर्षांनी, फिलाडेल्फियात ॲरन बेक या मानसोपचारतज्ज्ञाला नैराश्याच्या रुग्णांमध्ये आपोआप उमटणाऱ्या विचारांची एक धार सापडली. सगळं काळं नाहीतर पांढरं, एकावरून सगळ्यांचं मोजमाप, दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतंच हा भ्रम. बेकची भाषा मऊ आणि एलिसची खरपूस. बेक रुग्णाला सोबत घेऊन पुरावा गोळा करतो, एलिस सरळ वाद घालतो. आज जगभर चालणाऱ्या विचार-वर्तन उपचारपद्धतीचे हे दोन मूळ पुरुष.

एलिस मराठीत आला तो टपालाने. कि. मो. फडके यांनी त्याच्याशी तीन दशकांहून अधिक काळ पत्रव्यवहार केला, त्याच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचं रीतसर शिक्षण घेतलं आणि ते भारतात शिकवलं. त्यांचा धागा पुढे डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यापर्यंत पोचला. ठाण्यात १९९० साली सुरू झालेल्या त्यांच्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेने ही भाषा दवाखान्याबाहेर शाळांत, घरांत आणि कारखान्यांत नेली. अंजली जोशी यांनी तर एलिसच्या आयुष्यावर ‘मी अल्बर्ट एलिस’ ही मराठी कादंबरीच लिहिली. अमेरिकेतल्या एका भांडखोर मानसतज्ज्ञावर मराठीत कादंबरी व्हावी आणि ती वाचली जावी, हे आपल्या वाचकाविषयी बरंच काही सांगतं.

एलिसने १९७२ मध्ये खास वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठीही एक पुस्तक लिहिलं होतं. त्याच्या मते माणूस आपल्या इच्छेचा हुकूम करतो आणि तिथे बिनसतं. हे कचेरीच्या बोलीत आणलं तर असं दिसतं. ‘माझ्या हाताखालच्यांनी वेळेवर आलं तर बरं’ ही इच्छा झाली. ‘आलंच पाहिजे, म्हणजे काय!’ हा हुकूम झाला. इच्छा असलेला मुख्याध्यापक उशिरा आलेल्या गुरुजींना कारण विचारतो आणि एसटीची वेळ बदलल्याचं त्याला कळतं. हुकूम असलेला मुख्याध्यापक मस्टरवर लाल रेघ ओढतो, दिवसभर धुमसतो आणि घरी जाऊन पोरावर ओरडतो. हुकूम मोडला की पाठोपाठ आणखी तिघं येतात: हे भयंकर आहे, मला हे सहन होत नाही, हा माणूसच वाया गेलेला आहे. शेवटचं वाक्य सर्वांत महाग पडतं. गुरुजींचा उशीर सुधारता येतो, वाया गेलेल्या माणसाचं काय करणार?

हा झाला मनाचा प्रवाह. दुसरा प्रवाह कारखान्यातून आला, आणि तो या पुस्तकाला तितकाच लागतो. फ्रेडरिक टेलरने १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वं मांडली, तेव्हा विचार करण्याचं काम व्यवस्थापकाचं आणि हात चालवण्याचं कामगाराचं, अशी सरळ वाटणी होती. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांनी कामगारालाही मन असतं हे व्यवस्थापनाच्या ध्यानात आणून दिलं. त्या प्रयोगांच्या आकड्यांवर वाद आजही चालू आहेत. मग १९६० मध्ये डग्लस मॅकग्रेगरने प्रश्नच उलटा फिरवला. कामगाराचं मन राहू द्या, व्यवस्थापकाच्या मनात काय आहे? माणूस मुळात कामचुकार आहे असं धरून चाललेला साहेब पहारा वाढवतो, पहाऱ्यातला माणूस पहारा चुकवायला शिकतो, आणि साहेबांचा सिद्धान्त खरा ठरतो. जूनमधल्या त्या शाखेत घडलं ते हेच.

याचं एक बोलकं उदाहरण स्टर्लिंग लिव्हिंग्स्टन यांनी १९६९ च्या एका गाजलेल्या लेखात नोंदवलं आहे. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या रॉकवे इथल्या शाखेत आल्फ्रेड ओबरलँडर या व्यवस्थापकाने १९६१ मध्ये एजंटांचे तीन गट केले. उत्तम एजंट उत्तम सहायकाकडे, मधले मधल्याकडे, कच्चे उरलेल्याकडे. उत्तमांचा गट वाढला, कच्च्यांचा घसरला. इथवर नवल नाही. गंमत मधल्या गटाची झाली. त्या गटाच्या सहायक व्यवस्थापकाने आपण मधले आहोत हे मान्यच केलं नाही. आपली माणसं पहिल्या गटाइतकीच कर्तबगार आहेत, फक्त अनुभव कमी आहे, असं त्याने आपल्या एजंटांना सांगितलं आणि तसंच वागवलं. सुधारणेच्या टक्केवारीत तो गट उत्तमांच्या पुढे गेला. आपल्याकडच्या शाळांत ‘अ’ आणि ‘क’ तुकड्या पाडणाऱ्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावं.

तिसऱ्या, निर्णयशास्त्राच्या प्रवाहाशी शहरी वाचकाची ओळख आता बऱ्यापैकी आहे, म्हणून इथे धावता उल्लेख पुरे. हर्बर्ट सायमन यांनी माणूस मर्यादित शहाणपणाने निर्णय घेतो हे दाखवलं. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७४ च्या एका निबंधात निर्णयातल्या ठरावीक चुका वर्गवार मांडल्या. पैसा गुंतला म्हणून बुडीत कामात आणखी पैसा ओतणं, ताजी आठवण हाच नियम समजणं, या खोडी त्या आणि पुढच्या संशोधनातून समोर आल्या. यातला ग्रामीण व्यवस्थापकाच्या अगदी जवळचा अभ्यास मात्र २०१३ मधला आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांच्या विचारक्षमतेची चाचणी ऊस निघण्यापूर्वी आणि निघाल्यानंतर घेतली गेली. माणसं तीच, पण पैशाच्या ओढीच्या दिवसांत त्यांचे गुण लक्षणीय कमी आले. निष्कर्षाच्या खोलीवर अभ्यासकांत चर्चा चालू आहे. तरीही जूनमध्ये तीनदा सांगून एक कागद विसरणाऱ्या शेतकऱ्याला ‘बेजबाबदार’ म्हणण्याआधी हा अभ्यास आठवायला हरकत नाही.

चौथा प्रवाह एकट्या डोक्याचा नाही, बैठकीचा आहे. आयर्व्हिंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये दाखवलं की हुशार माणसांचा गट एकमेकांना न दुखवण्याच्या भरात मोठी घोडचूक एकमताने करू शकतो. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान आकाशात फुटून सात अंतराळवीर गेले. आदल्या रात्री यानाची रॉकेटं बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी थंडीत उड्डाण नको म्हणून जीव तोडून सांगितलं होतं. वरिष्ठांनी अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची घालायचा आग्रह धरला आणि होकार गेला. एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांत एक कोडं पडलं: चांगल्या चमूंत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसत होत्या. उलगडा झाला तो असा की चुका तिथे जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. जिथे परिचारिका घाबरत होत्या तिथे वही कोरी होती. आपल्याकडच्या कित्येक मासिक बैठकांत ‘निरंक’ म्हणून जो अहवाल येतो, तो वाचताना ही कोरी वही आठवावी.

ख्रिस आर्जिरिस यांनी याच प्रवाहात एक मोलाचा भेद केला. चूक झाली की ती दुरुस्त करणं ही एक शिकण्याची पायरी. चूक ज्या समजुतीतून झाली ती समजूतच उघडून बघणं ही दुसरी, आणि ती फार थोडे चढतात. बुलढाणा जिल्ह्यानेच याचा कडू धडा पाहिला आहे. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण जळून गेले. त्यानंतर दोन स्पष्टीकरणं चटकन पुढे आली. एक, चालकाला डुलकी लागली. दोन, जागाच वाईट आहे. अपघातस्थळी महामृत्युंजय यंत्र पुरण्यापर्यंत मजल गेली आणि अंधश्रद्धाविरोधी कायद्याखाली गुन्हाही दाखल झाला. एक स्पष्टीकरण आधुनिक वाटतं, दुसरं जुनाट. दोन्ही मात्र चौकशी एकाच जागी थांबवतात. चालक किती तास जागा होता, त्याचं वेळापत्रक कुणी आखलं, बसमधून बाहेर पडायला किती वाटा होत्या, शेकडो किलोमीटर सरळ रस्त्यावर विसाव्याच्या जागा किती, हे प्रश्न ‘डुलकी लागली’ या दोन शब्दी समाधानाच्या पलीकडे सुरू होतात.

मग विचार बदलायचा कसा? इथे या क्षेत्रात सरळ दोन तट आहेत.

एक तट म्हणतो, आधी डोकं. याचा भारतातला सर्वांत धाडसी प्रयोग १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकीनाडा या शहरात झाला. हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलंड यांनी तिथल्या छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं. फार सोपं नाही आणि अशक्यही नाही असं लक्ष्य कसं ठरवायचं, स्वतःच्या कामाविषयी कशा गोष्टी रचायच्या, अडथळा आला तर मनात काय बोलायचं. पुढे पाहणी केली तेव्हा प्रशिक्षण घेतलेले लोक धंद्यात जास्त हालचाल करताना आढळले: नवी गुंतवणूक, जास्त तास, नव्या नोकऱ्या. टीकाही पुष्कळ झाली. पण छोट्या शहरातल्या व्यावसायिकाची मनोवृत्ती ही दगडावरची रेघ नाही, एवढं काकीनाड्याने दाखवलं.

दुसरा तट म्हणतो, आधी मांडणी. डोकं मागून येतं. प्रस्तुत पुस्तकाचा कल या बाजूला आहे, आणि महाराष्ट्रातला पुरावा पाहता तो रास्त वाटतो. १९८० च्या दशकात अनिलकुमार लखीना नगरचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी कलेक्टर कचेरीची उलथापालथ केली. ‘लखीना पॅटर्न’ म्हणून ते प्रकरण राज्यभर गेलं. त्या सुधारणांशी नाव जोडलेली सहा गठ्ठा पद्धत आजही सरकारी कचेऱ्यांत शिकवतात. कारकुनाच्या टेबलावरचे सगळे कागद सहा भागांत लावायचे: ज्यावर आपण काम करायचं ती प्रलंबित प्रकरणं, दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेली प्रतीक्षाधीन, ठरावीक काळाने पाठवायची नियतकालिकं, कायम लागणारे स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जायचे अ, ब, क वर्गाचे कागद, आणि ‘ड’ वर्गाचे म्हणजे नष्ट करायचे.

वरवर ही आवराआवर आहे. पण टेबलावर फायलींचा डोंगर असतो तेव्हा कारकुनाच्या मनातलं वाक्य काय असतं? ‘काम कधी संपणारच नाही.’ गठ्ठे लावल्यावर कळतं की डोंगरातलं बरंचसं नष्ट करायचं होतं, बरंचसं दुसऱ्याच्या दारात अडलेलं होतं, आणि आपलं स्वतःचं काम हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं आहे. वाक्याशी कुणी वाद घातला नाही, ते आपोआप पडलं. पुण्याचे विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी २०१७ मध्ये ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ राबवलं, तेव्हा याच पायावर रोजचा निपटारा उभा केला. अर्थात पद्धतही सवयीला शरण जाते. कित्येक कचेऱ्यांत आज सहा गठ्ठे फक्त तपासणीच्या आदल्या दिवशी बांधले जातात आणि साहेब गेले की पुन्हा एक होतात, हे जाणकारांना सांगायला नको.

घाटाखाली शेगावला गेलेल्या प्रत्येकाने आणखी एक गोष्ट पाहिली आहे. जो माणूस एसटी स्टँडवर बिनदिक्कत पिचकारी मारतो तोच गजानन महाराज संस्थानाच्या आवारात रांगेत उभा राहतो, ताट स्वतः उचलून ठेवतो. दोन तासांत त्याचा स्वभाव बदललेला नसतो. शिवशंकरभाऊ पाटील यांनी अनेक दशकं घडवलेल्या त्या व्यवस्थेत सेवेकरी नम्र आहे, फरशी आधीच स्वच्छ आहे, आणि काय करायचं हे जागाच सांगते. ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ हे वाक्य बोलणाऱ्या साहेबांनी शेगावच्या महाप्रसादाच्या रांगेत उभं राहून ते पुन्हा बोलून बघावं.

आणि तिसरं उदाहरण बाजारातलं. ‘शेतकऱ्याला दम निघत नाही, माल हाती आला की पडेल भावात विकतो’ हा समज व्यापाऱ्यांत आहे, अधिकाऱ्यांत आहे आणि खुद्द शेतकऱ्यांतही आहे. राज्य कृषी पणन मंडळाने १९९०-९१ पासून शेतमाल तारण योजना आणली. सोयाबीन, तूर यांसारखा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा आणि किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी उचलायची. १९८६ मध्ये राधेश्याम चांडक यांनी सुरू केलेल्या बुलढाणा अर्बन या पतसंस्थेनेही गोदाम तारण कर्जाचा मोठा पसारा उभा केला. गोदाम आणि रोकड हाताशी आली तसा बऱ्याच जणांना दम निघू लागला. दम ही वृत्ती असते, पण तिला गोदाम लागतं.

या चर्चेत सर्वांत धोक्याचा माणूस म्हणजे ‘मानसिकता बदला’ असं सांगत फिरणारा वक्ता. पाच पदांपैकी दोन रिकामी असलेल्या कचेरीला तो सकारात्मक विचारांचं भाषण देतो, टाळ्या घेतो आणि पुढच्या गावी जातो. दोन माणसांचं काम तीन वर्षं ओढणाऱ्या परिचारिकेचा थकवा ही तिची विचारसरणी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या या खचण्याची नोंद रोगवर्गीकरणात केली तीही कामाशी जोडूनच. पश्चिम विदर्भाने शेतकरी आत्महत्यांच्या काळात ‘मन खंबीर ठेवा’ हा सल्ला पुरेसा ऐकला आहे. म्हणून या पुस्तकात जिथे पगार, पदं, साधनं कमी आहेत तिथे ती कमी आहेत असंच म्हटलं आहे. आणि जिथे थकव्याच्या पुढे जाऊन झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तिथे पुस्तक मिटून डॉक्टर गाठावा किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा, हेही स्पष्ट लिहिलं आहे.

हा विषय आत्ताच का? कारण डोणगावसारख्या गावांतलं काम झपाट्याने बदलतंय आणि वाक्यं मात्र जुनीच आहेत. जुन्या महामार्गावरची लांब पल्ल्याची वाहतूक समृद्धीकडे वळली. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा तो रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. रस्त्याच्या कडेला ज्यांचा धंदा होता त्यांना गिऱ्हाईक कोण हेच नव्याने ठरवावं लागतंय. केंद्राने २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारायची योजना काढली, राज्याचा स्मार्ट प्रकल्प आला, आणि गावोगाव कंपन्या नोंदल्या गेल्या. त्यांचा कारभार बघणारी मुलं हिशेब शिकली आहेत. पण संचालक मंडळात काका, मामा आणि माजी सरपंच बसलेले असताना ‘हा सौदा तोट्याचा आहे’ हे कसं बोलायचं, ते त्यांना कुणी शिकवलेलं नाही. त्यात मोबाइल. रोज सकाळी साहेबांच्या ग्रुपवर तालुकावार आकडे पडतात, खालच्या तिघांची नावं लाल रंगात असतात, आणि दिवसाचा पहिला विचार ‘आज माझं नाव तर नाही ना?’ हा असतो. अशा मनाने चूक कबूल करणारी वही कोण लिहील?

पुस्तकाची मांडणी सिद्धान्तांप्रमाणे नाही, प्रसंगांप्रमाणे आहे: सकाळचं टपाल, आठवड्याची बैठक, तपासणी, मार्चअखेर, बदली, हाताखालच्या माणसाची चूक आणि वरिष्ठांचा फोन. प्रत्येक प्रसंगात वाचकाने आपलं नेहमीचं वाक्य आधी लिहून काढावं, मग रजिस्टर उघडून ते तपासावं, आणि मग मांडणीत एकच छोटा बदल करून पंधरा दिवस बघावं, एवढीच मागणी आहे. बदलही साधे आहेत. बैठकीत साहेबांनी शेवटी बोलायचं आणि सर्वांत नव्या माणसाने आधी. नवं काम हाती घेताना ‘हे काम वर्षाने फसलं असं समजा, का फसलं असेल?’ हे गॅरी क्लाइन यांनी सुचवलेलं कोडं सगळ्यांना कागदावर सोडवायला लावायचं. थकबाकीदारांच्या यादीशेजारी वेळेवर फेडणाऱ्यांची यादीही तेवढ्याच ठळक अक्षरांत लावायची. ही दुसरी यादी बहुतेक शाखांत कधी काढलीच जात नाही, आणि ती पहिल्यांदा काढल्यावर निघणारी लांबी पाहून शाखाधिकारी स्वतःच चकित होण्याची शक्यता बरीच आहे.

एका बाबतीत वाचकाने पुस्तकाशी भांडावं अशी अपेक्षा आहे. इथला सारा भर मधल्या फळीवर आहे, म्हणजे ज्याच्या वर साहेब आहेत आणि खाली माणसं आहेत त्याच्यावर. वरचे साहेबच निरुपयोगी विचारांची खाण असतील तर काय, याचं उत्तर इथे अर्धवट मिळतं. बदली तीन वर्षांनी होते, तोवर लावलेली मांडणी पुढचा माणूस महिनाभरात मोडू शकतो. नगरच्या प्रयोगाचंही अनेक ठिकाणी तेच झालं. लखीनांच्या गठ्ठ्यांपैकी जे टिकले ते शासनाच्या परिपत्रकांत आणि प्रशिक्षणांत उतरले म्हणून टिकले. त्यामुळे शाखेत, शाळेत किंवा केंद्रात जो बदल साधेल तो ठरावाच्या वहीत, कामाच्या लेखी पद्धतीत आणि पदभार देतानाच्या यादीत नोंदवावा, असा आग्रह पुस्तकात दोन-तीनदा येतो. काही वाचकांना तो कारकुनी वाटेल.